कलम ५०१ (ऑस्ट्रेलिया)

कलम ५०१ हे ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या मायग्रेशन ॲक्टमधलं कलम. नागरिक नसलेल्या माणसाचा व्हिसा त्याच्या चालचलणुकीवरून रद्द करून त्याला देशाबाहेर काढता येतं, मग तो तिथे दोन वर्षं राहिलेला असो नाहीतर चाळीस. आपल्याकडच्या तडीपारीसारखं वाटेल, पण तडीपारी फार तर दोन वर्षांची आणि एकदोन जिल्ह्यांपुरती, इथे देशच सुटतो आणि बहुतेक कायमचा.

डिसेंबर २०१४ मध्ये हे फारच कडक झालं. १२ महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेला माणूस जेलमध्ये असेल तर व्हिसा रद्द करावाच लागतो, म्हणजे आधी रद्द आणि मग २८ दिवसांत त्याने लिहून द्यायचं की मला का राहू द्यावं. निकाल लागेपर्यंत डिटेन्शन सेंटर, काहींना तर पार ख्रिसमस आयलंड या दूरच्या बेटावर नेऊन ठेवलं.

सगळ्यात जास्त फटका न्यूझीलंडवाल्यांना. त्यांना विमानतळावर उतरल्या उतरल्या स्पेशल कॅटेगरी व्हिसा मिळतो, त्यावर राहा, काम करा, मुदत नाही, मग नागरिकत्वाचं कोण बघतंय? आणि फेब्रुवारी २००१ नंतर आलेल्यांना नागरिक व्हायचं तर आधी वेगळा पीआर (कायम राहायचा परवाना) काढावा लागायचा, तो बऱ्याच जणांना मिळायचाच नाही, त्यामुळे 'आळशीपणा केला, भोगा आता' हे म्हणणं अर्धंच खरं. जुलै २०२३ पासून चार वर्षं राहिल्यावर सरळ अर्ज करता येतो. तोवर लहानपणी आलेली, तिथेच शिकलेली आणि गुन्हेगारीही तिथेच शिकलेली कितीतरी पोरं ऑकलंडला उतरवून झाली होती, जिथे त्यांचं कुणीच नाही. न्यूझीलंडमध्ये त्यांना नावच पडलं 'फाइव्ह-ओ-वन', त्यांच्यावर देखरेखीसाठी २०१५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला आणि कोमांचेरोसारख्या ऑस्ट्रेलियन बाइक गँगांनी तिथे पाय रोवले ते याच लोकांमुळे. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न सिडनीत, ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन शेजारी उभे असताना, तुमची माणसं आणि तुमचे प्रॉब्लेम आमच्याकडे पाठवू नका असं तोंडावर म्हणाल्या.

एक केस तर अजब आहे. २७ दिवसांचं बाळ असताना स्वीडनहून आलेला माणूस, स्वीडिश येत नाही, स्वतःला ऑस्ट्रेलियनच समजायचा, त्याला २००६ मध्ये स्वीडनला पाठवलं. गुन्हे गंभीर होते, त्यात वाद नाही. तरी २०११ मध्ये युनोच्या मानवाधिकार समितीने हे चूक ठरवलं.

दुसरी बाजूही आहे. २०२३ मध्ये सरकारने सूचना काढली की माणसाचं ऑस्ट्रेलियाशी नातं किती जुनं तेही बघा, त्या आधारावर अशी अपिलं ऐकणाऱ्या ट्रायब्युनलने काही गंभीर गुन्हेगारांना राहू दिलं, लोक भडकले, आणि जून २०२४ मध्ये नवीन सूचना आली की लोकांची सुरक्षा सगळ्यात आधी. गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या घरच्यांना विचारलं तर ते वेगळं काय सांगणार.

आदिवासी ऑस्ट्रेलियन मात्र यातून सुटले, बाहेर जन्मले असले आणि नागरिक नसले तरी ते परके नाहीत असं २०२० मध्ये हायकोर्टाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय) ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं. आपल्या लोकांना अशी सूट नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही म्हणून भारतीय पासपोर्ट सोडायला जीव होत नाही आणि माणूस वर्षानुवर्षं पीआरवरच राहतो, पण कलम ५०१ पीआरवाल्यांनाही तेवढंच लागू आहे.