पार्श्वभूमी: आल्याची बीअर आणि दारूची १९४९ ची व्याख्या

आंबवलेलं पेय कोकणाला नवं नाही. आल्याची बीअर मात्र बाहेरून आली. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ती घरोघरी होत असे. १८९२ मध्ये तिथल्याच एका वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं विरजण तपासलं, तेव्हा एक यीस्ट आणि एक जिवाणू त्यात एकमेकांच्या आधाराने जगत असल्याचं दिसलं. आपल्याकडे रुजला तो गोटीच्या बाटलीतला आल्याचा सोडा. त्यात वायू सिलिंडरमधून भरतात. आंबणं नाही, म्हणून कायद्याचा प्रश्नही नाही.

आंबवण्याची जाण होती ती माडाखाली. पहाटे उतरवलेली गोड नीरा ऊन चढेपर्यंत माडी होऊ लागते, हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. १८७८ च्या अबकारी कायद्याने माडीचा धंदा सरकारी परवान्याच्या आणि कराच्या मुठीत नेला, तेव्हापासून झाड आपलं आणि रस सरकारचा, अशी स्थिती आली.

खरी गाठ बसली १९४९ मध्ये. मुंबई प्रांताच्या दारूबंदी कायद्याने दारूची व्याख्या केली, ती अशी: स्पिरिट, वाइन, बीअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रव. टक्केवारीचा उल्लेखच नाही. कलम १२ तर विक्रीच काय, तयार करणं आणि जवळ बाळगणंही रोखतं. १९५१ मध्ये हे प्रकरण दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांना लावलेली बंदी तिथे टिकली नाही, पण एवढी रुंद व्याख्या करण्याचा प्रांताचा अधिकार मान्य झाला. पुढे औषधी द्रवांसाठी कायद्यात वेगळी वाट काढली गेली. म्हणून द्राक्षासव औषधाच्या दुकानात उघड मिळतं, आणि बाटलीवर ५ ते १० टक्के स्वयंजनित (आंबताना आपोआप तयार झालेलं) अल्कोहोल असल्याचं छापलेलं असतं. घरच्या बरणीत आंबवलेल्या आल्याच्या पाण्यात सहसा त्याच्या पासंगालाही न पुरणारं अल्कोहोल असतं, पण ते औषध नाही! व्याख्या शब्दशः लावली तर सोलकढी उरलीसुरली आंबली तरी विचार करावा लागेल. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी निदान रेषा आखली: ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असेल तरच मद्यपेय. राज्याच्या १९४९ पासूनच्या कायद्यात मात्र ती रेषा नाही. बांद्यापुढे पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलं की हा दारूबंदीचा कायदाही मागे राहतो.

अलीकडे कोम्बुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या, लाटेबरोबर आल्याचं विरजण शहरातून गावी परतणाऱ्यांच्या हातून पुन्हा आलं. सालासकट किसलेलं आलं, साखर आणि पाणी, रोज थोडी भर. यीस्ट सालीवरच असतं, म्हणून सोलायचं नाही. थंड मुलखात जे आठवड्याभराने फसफसतं, ते इथल्या मे महिन्यात दोन-तीन दिवसांत उसळतं. मग रस, लिंबू, साखर घालून बाटलीत भरतात. काचेची बाटली फुटू शकते. प्लास्टिकची दाबून पाहता येते, कडक लागली की फ्रीजमध्ये. बाहेर जितकी जास्त राहील तितका गोडवा उतरतो आणि अल्कोहोल चढतं, आणि त्या ०.५ च्या कुठल्या बाजूला आपण आहोत हे स्वयंपाकघरात मोजायला साधन नसतं. पाहुण्यांना पैसे घेऊन देणाऱ्या घरगुती निवासांनी म्हणूनच गोटीसोड्यावर भागवलेलं बरं.