धोका वेगळा, जोखीम वेगळी: गावाचा आपत्ती आराखडा भरायच्या आधी

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीत आपत्तीचा आराखडा भरायचं काम निघतं, आणि बरेचदा त्यात पूर, वीज, गारपीट, उष्माघात एवढं लिहून काम संपतं. पण ही झाली धोक्यांची यादी. निसर्ग काय करू शकतो, किती जोरात आणि किती वेळा, तो धोका. तसं झालंच तर आपल्या गावात नेमकं कोणाचं काय जाईल, ती जोखीम, आणि ती काढायला अजून दोन गोष्टी बघाव्या लागतात: वाटेत कोण-काय आहे, आणि जे आहे ते किती कच्चं आहे.

गारपीट घ्या ना. फेब्रुवारी-मार्चमधे आपल्या नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे गारा पडल्या तर झाडावर तोडणीला आलेला मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचा, संत्रा असतो, शेजारच्या बागेत आंबिया बहाराची फुलं नाहीतर बारीक फळं, म्हणजे एकाच माऱ्यात दोन्ही बहार जाऊ शकतात. तेवढ्याच गारा मौदा-कुहीकडे पडल्या तर खरिपाचा धान केव्हाच घरी आलेला असतो, नुकसान तिथेही होतं पण ते गहू-हरभऱ्याचं, आणि संत्र्याची बाग सावरायला जेवढी वर्षं लागतात तेवढी त्याला लागत नाहीत. गार तीच, धोका सारखाच, जोखीम वेगळी.

उलटं उदाहरण किल्लारीचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा भूकंपाच्या सरकारी नकाशावर तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमधे होता. पण घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वरून मातीचं जड माळवद, आणि माणसं आत झोपलेली. हजारो लोक गेले. म्हणून नुसता नकाशा पाहून "आपल्याकडे काही होत नाही" असं कोणी म्हणालं की मला खरंच भीती वाटते, कारण नकाशात भिंती दिसत नाहीत.

आता पूर, आपल्या जिल्ह्यात इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. पेंच आणि कन्हान दोन्ही छिंदवाड्याकडून येतात, त्यामुळे आपल्या गावात दिवसभर ऊन असलं तरी पाणी चढू शकतं. ऑगस्ट 2020 च्या शेवटी मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचे दरवाजे उघडले आणि पारशिवनी, कामठी, मौदा, कुहीच्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. अशा पुरात धरणातून पाणी सोडायच्या आधी निरोप येऊ शकतो, नाल्याच्या पुरात तेवढीही सवड मिळत नाही. मग एकाच काठावरच्या दोन गावांत फरक कशाने पडतो, तर रात्री दोन वाजता निरोप कोणाच्या फोनवर येतो, बाहेर पडायचा रस्ता आधीच पाण्याखाली गेलेला असतो का, आणि खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाला उचलायला कोण जाणार. नरखेड तालुक्यातल्या मोवाडला 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. नदी हलवता येत नाही, घरं हलवता येतात, म्हणजे धोका आपल्या हातात नसला तरी जोखीम बरीचशी असते.

विजेचंही तसंच, जुलैमधे धानाची रोवणी चालू असताना बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभ्या बायांची जोखीम आणि पक्क्या घरात बसलेल्याची जोखीम एक नाही, आभाळ दोघांवर तेच आहे.

म्हणून आराखड्यात "पूर: होय" एवढंच लिहू नका. कोणत्या टोलीतली (वस्तीतली) किती घरं, कोणत्या भिंतीची, त्यात एकटं कोण राहतं, गरोदर कोण आहे, जनावरं कुठे बांधलेली असतात, हे घरोघरी फिरून लिहा. वीटभट्टीवरचे आणि कापूस वेचायला आलेले मजूर ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमधे बरेचदा नसतातच, आणि टिनाच्या नाहीतर ताडपत्रीच्या झोपडीत तेच असतात, मे महिन्याच्या 45 डिग्रीतही आणि अवकाळी वादळातही. त्यांचं पान वेगळं करा आणि दर हंगामाला पुन्हा भरा, कारण माणसं बदलतात.