डंप मिळाला नाही: मेमरीच राखली नव्हती, की दुसरा कर्नल अडखळला?

लिनक्स सर्व्हर पॅनिक होऊन (सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, न सावरता येणाऱ्या चुकीने थांबून) पुन्हा वर आला, आणि डंप, म्हणजे पडतानाच्या मेमरीची प्रत, जिथे मिळायला हवा ते /व्हार/क्रॅश फोल्डर रिकामं. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी क्रॅशकर्नलचा आकडा (डंपसाठी किती मेमरी राखायची तो) वाढवायला जातो. पण रिकामं फोल्डर दोन अगदी वेगळ्या बिघाडांनी मिळतं आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

बूट होताना मुख्य कर्नल थोडी मेमरी बाजूला काढतो. केडंप ही डंप घेणारी सर्व्हिस त्या जागेत दुसरा कर्नल आणि त्याची इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर आणि साधनं असलेली छोटी फाइल सिस्टिम) भरून ठेवते. पॅनिक आलं की उडी थेट त्या कर्नलवर जाते. वाटेत बायोस येत नाही, म्हणून आधीची मेमरी शाबूत राहते आणि ती लिहून काढता येते. बिघाड या उडीच्या आधीचा आहे की नंतरचा, हे पहिल्यांदा ठरवा.

आधीचा बिघाड सर्व्हर न पाडताच सापडतो. /सिस/कर्नल/केएक्झेक_क्रॅश_साइझ वाचा. २५६ एमबी राखली असेल तर तिथे २६८४३५४५६ दिसेल. शून्य असेल तर मेमरी राखलेलीच नाही, आणि सर्व्हिस कितीही वेळा रीस्टार्ट करून उपयोग नाही. त्याला रीबूटच लागतो. मग बूटच्या वेळी कर्नलला दिलेली ओळ /प्रॉक/सीएमडीलाइन मध्ये पाहा. रेड हॅट ८ वरून ९ वर आलेल्या सर्व्हरवर तिथे अजून ‘क्रॅशकर्नल=ऑटो’ असेल, तर ९ चा कर्नल ते ओळखत नाही; केडंपसीटीएलची रीसेट-क्रॅशकर्नल आज्ञा चालवून रीबूट करा. उबंटूवर वेगळा घोळ असतो: आपण ग्रब या बूटलोडरच्या मुख्य फाइलमध्ये आकडा लिहितो, पण ग्रब.डी मधली केडंप-टूल्सची फाइल नंतर वाचली जाते आणि तिचा आकडा ओळीत शेवटी येतो. कर्नल शेवटचाच धरतो. आकडा त्या फाइलमध्येच बदला आणि अपडेट-ग्रब चालवा.

साइझ ठीक, पण शेजारची केएक्झेक_क्रॅश_लोडेड फाइल ० दाखवते? मग जागा आहे, पण कर्नल भरलेला नाही. /बूट भरल्यामुळे केडंपची इनिटरॅमएफएस तयार झाली नसेल, किंवा सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेला कर्नल नाकारला गेला असेल. सर्व्हिसच्या लॉगमध्ये कारण लिहिलेलं असतं.

लोडेड १ आहे आणि तरीही डंप नाही, तर दुखणं उडीनंतरचं. इथे जुन्या सिस्टिमचे लॉग काही सांगत नाहीत. दुसरा कर्नल काय बोलला ते फक्त कन्सोलवर दिसतं. म्हणून आधी सिरियल कन्सोल किंवा सर्व्हरचं रिमोट कन्सोल उघडा, मगच /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये ‘सी’ लिहून मुद्दाम पॅनिक आणा. सर्व्हर त्याच क्षणी पडतो, म्हणून हे ठरवून घेतलेल्या मेंटेनन्सच्या वेळेतच करावं.

कन्सोलवर ‘आउट ऑफ मेमरी’ आलं, तरच आकडा वाढवणं हा खरा उपाय: २५६ वरून ५१२ करून बघा. स्टोरेज आणि नेटवर्क कार्डं जास्त असली की त्यांचे ड्रायव्हरच ही जागा खातात. डंप लिहायला न लागणारे ड्रायव्हर केडंपच्या इनिटरॅमएफएसमधून वगळले तरी भागतं. पण डिस्कच सापडत नसेल तर एक जीबी राखूनही काही होणार नाही, तिथे ड्रायव्हर कमी आहे. रेड हॅटवर केडंप.कॉन्फ मध्ये फेल्युअर_अ‍ॅक्शन ‘शेल’ करा. मग अपयश आल्यावर सर्व्हर रीबूट न होता शेलवर थांबतो, आणि तिथे डिस्क दिसते का ते पाहता येतं. ही एक ओळ पुष्कळ तास वाचवते.

फोल्डरमध्ये ‘व्हीएमकोर-इन्कम्प्लीट’ उरली असेल, तर दोन्ही टप्पे पार पडले होते आणि लिहिणंच अर्धवट राहिलं. डिस्कवर जागा बघा, डंप लिहिणाऱ्या मेकडंपफाइलला ‘-डी ३१’ आहे ना तेही पाहा. त्याने रिकामी, कॅशची आणि यूझर प्रोसेसची पानं गाळली जातात. जागा भरपूर असूनही फाइल अर्धवट राहत असेल, तर हार्डवेअर वॉचडॉग (सर्व्हर अडकला असं समजून तो रीसेट करणारा टायमर) तपासा. मोठ्या रॅमचा डंप लिहायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात टायमर संपला तर तो सर्व्हर मध्येच रीसेट करतो.