राजगुरू, रिंकू

राजगुरू, रिंकू (३ जून २००१ – ). मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री. मूळ नाव प्रेरणा. जन्म सोलापूर जिल्ह्यातील अकलूजचा. आईवडील दोघेही शिक्षक. अभिनयाचे रीतसर शिक्षण न घेता शाळकरी वयातच ती पडद्यावर आली. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२९ एप्रिल २०१६) तिने पाटलाच्या घरातली आर्ची उभी केली. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, प्रेमात स्वतः पुढाकार घेणारी नायिका आणि तिच्या तोंडी अस्सल सोलापुरी बोली हे मराठी प्रेक्षकांना नवे होते. चित्रपट लागण्याआधीच ६३व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला होता. ‘सैराट’ने पुढे शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) या त्याच्या कन्नड आवृत्तीतही तीच भूमिका तिने केली.

या यशाचा पहिला फटका बसला तो शाळेला. गर्दीमुळे नेहमीसारखे वर्गात बसणे जमेना, तेव्हा १७ नंबरचा फॉर्म भरून ती दहावीला बाहेरून बसली आणि २०१७ मध्ये ६६.४० टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली. बारावीचे पेपर तिने २०१९ मध्ये टेंभुर्णीच्या केंद्रावर दिले, तेही पोलीस बंदोबस्तात, आणि ८२ टक्के मिळवले. त्याच वर्षी तिचा ‘कागर’ हा चित्रपट झळकला. एखाद्या नटीच्या गुणपत्रिकेची बातमी व्हावी, असा योग मराठीत क्वचितच आला असेल.

नागपूरच्या दृष्टीने तिच्या दोन भूमिका महत्त्वाच्या आहेत. आर्ची गावातल्या वरचढ जातीची लेक होती. नागपूरशी जोडलेल्या दोन्ही कथांत रिंकू उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. या उलट्या प्रवासाकडे समीक्षेचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही.

यातली पहिली ‘२०० हल्ला हो’ (२०२१) या ओटीटीवर आलेल्या हिंदी चित्रपटातली. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर खोलीत, कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार मारले. वस्तीवर वर्षानुवर्षे चाललेले अत्याचार आणि तक्रारींची न घेतलेली दखल ही त्यामागची कारणे. चित्रपटाने वस्तीचे नाव बदलून राहीनगर केले. दिग्दर्शन सार्थक दासगुप्ता यांचे. निवृत्त न्यायाधीशाच्या भूमिकेत अमोल पालेकर. रिंकूची आशा सुर्वे ही शिकलेली दलित तरुणी. या बाया घाबरणाऱ्या नाहीत आणि आपली जात लपवणाऱ्याही नाहीत, हे ती कुठेही आक्रस्ताळेपणा न करता ठसवते. पटकथा अधूनमधून भाषण देऊ लागते; तेवढ्या जागी तिचे गप्प राहणेच अधिक बोलके वाटते.

दुसरी नागराज मंजुळे यांच्याच ‘झुंड’ या हिंदी चित्रपटातली (४ मार्च २०२२). ‘झुंड’चे चित्रीकरण नागपुरातच झाले. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ मध्ये पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी वस्तीतली मुले दिसली, आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. त्या कामावर ही कथा बेतलेली आहे. शिक्षकाची भूमिका अमिताभ बच्चन यांची. संघातले बरेचसे पोट्टे मात्र इथलेच. ‘डॉन’ झालेल्या अंकुश गेडाम याला पुढे पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. नागपुरी हिंदीचा ठसका पडद्यावर इतका सरळ आलेला याआधी फारसा आठवत नाही. आंबेडकर जयंतीचा प्रसंग, बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभे असलेले बच्चन, हे दीक्षाभूमीच्या शहरात पाहताना काही वेगळेच वाटले.

या गर्दीत रिंकूच्या वाट्याला वेळ थोडाच येतो. ती मोनिका, आदिवासी मुलगी. परदेशी सामन्यांसाठी पासपोर्ट हवा, पासपोर्टला ओळखीचे कागद हवेत, आणि कागद तर नाहीत. मग बापलेकीची वणवण सुरू होते. आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला कुणाकुणाच्या दारात जावे लागते, हे त्या मोजक्या प्रसंगांत दिसते. बुलेटवरची ऐट इथे पार उतरली आहे. प्रतिनायकाच्या भूमिकेत ‘सैराट’मधला परशा, म्हणजे आकाश ठोसर आहे, पण आर्ची-परशाच्या जोडीची आठवण काढायला दिग्दर्शकाने जागाच ठेवलेली नाही.

‘मेकअप’ (२०२०), ‘आठवा रंग प्रेमाचा’ (२०२२) आणि ‘झिम्मा २’ (२०२३) हे तिचे आणखी काही मराठी चित्रपट. ‘हंड्रेड’ (२०२०) ही वेबमालिका आणि ‘अनपॉज्ड’ (२०२०) व ‘अनकही कहानियाँ’ (२०२१) या हिंदी कथासंग्रहपटांतही तिने काम केले आहे.