पंपसंचाची ऊर्जाकार्यक्षमता : मानके व चाचणी

विजेची मोटर किंवा पंपसंच घेतलेल्या विजेपैकी किती वीज प्रत्यक्ष कामी लावतो, हे ठरलेल्या पद्धतीने मोजणे आणि त्याची किमान मर्यादा बांधून देणे, हा या मानकांचा विषय. सांगली जिल्ह्यात तो कारखान्यातही येतो आणि शिवारातही. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना वसवला. तिथे आजही पंप बनतात. कृष्णाकाठचा ऊस, तासगावची द्राक्षे आणि ताकारी, म्हैसाळसारख्या उपसा योजना सगळ्या पंपांवरच चालतात.

मोटरींची मानके आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग (आयईसी, स्थापना १९०६, मुख्यालय जिनिव्हा) ठरवतो. आयईसी ६००३४-३०-१ या मानकात कार्यक्षमतेचे आयई१ ते आयई४ असे चढते वर्ग आहेत. दहा एचपीची, म्हणजे ७.५ किलोवॉटची चार ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झवर चालत असेल, तर आयई१ साठी ८६.० टक्के, आयई२ साठी ८८.७, आयई३ साठी ९०.४ आणि आयई४ साठी ९२.६ टक्के कार्यक्षमता लागते. आकडे जवळजवळचे वाटतात. पण पूर्ण भाराने वर्षात १,६०० तास चालवली, तर आयई१ ची मोटर आयई३ पेक्षा सुमारे ६८० युनिट जास्त खाते. भारतात आयएस (म्हणजे भारतीय मानक) १२६१५ हे याच वर्गांवर बेतले आहे. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून बहुतेक थ्री-फेज मोटरींना आयई३ आणि जुलै २०२३ पासून ७५ ते २०० किलोवॉटच्या बऱ्याच मोटरींना आयई४ सक्तीचे झाले.

हे आकडे ज्या चाचणीतून येतात, ती चाचणी सारखी नसेल तर त्यांची तुलना व्यर्थ ठरते. मोटरमधली वीज पाच वाटांनी वाया जाते : स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) वेटोळ्यांत, रोटरच्या (फिरत्या भागाच्या) दांड्यांत, लोखंडी गाभ्यात, घर्षण व वाऱ्यात, आणि पाचवा तो ‘स्ट्रे लॉस’, म्हणजे या चौघांच्या हिशेबात न बसणारा भटका व्यय. जुन्या आयईसी पद्धतीत हा भटका व्यय मोजतच नसत. पूर्ण भाराला घेतलेल्या शक्तीच्या ०.५ टक्के इतका तो सरसकट धरला जाई. अमेरिकेत मात्र आयईईई ११२ या तिथल्या चाचणी-मानकाच्या ‘बी’ पद्धतीने मोटर डायनॅमोमीटरवर, म्हणजे भार देऊन ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून तो मोजत, आणि तो बहुधा जास्तच निघे. त्यामुळे एकाच मोटरीची कार्यक्षमता युरोपच्या कागदावर जास्त आणि अमेरिकेच्या कागदावर कमी दिसे. २००७ च्या आयईसी ६००३४-२-१ ने ही सवलत काढली. त्याआधीचे चाचणी-अहवाल आजच्या अहवालांशेजारी ठेवताना हे विसरून चालत नाही.

शेतकऱ्याच्या बोलीत ‘मोटर’ म्हणजे आख्खा पंपसंच, आणि इथे ही बोली मानकाशी चांगलीच जुळते. पंपापासून वेगळी करून तपासता येत नाही अशी मोटर आयईच्या वर्गवारीत येत नाही. विहिरीतल्या आणि बोअरमधल्या पाणबुडी मोटरीही त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी विजेपासून पाण्यापर्यंतची एकूण कार्यक्षमता पाहतात. मोनोब्लॉकसाठी (मोटर व पंप एकाच दांड्यावर असलेल्या संचासाठी) आयएस ९०७९, बोअरच्या पाणबुडी पंपसंचासाठी आयएस ८०३४ आणि विहिरीतल्या पाणबुडी संचासाठी आयएस १४२२० ही भारतीय मानके आहेत. चाचणीच्या हौदावर व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडत प्रत्येक टप्प्याला पाण्याचा प्रवाह, हेड (पाणी चढवायची उंची) आणि घेतलेली वीज नोंदवतात. सेकंदाला १० लिटर पाणी ३० मीटर चढवायला प्रत्यक्षात २.९४ किलोवॉट पुरतात; संच ५.५ किलोवॉट घेत असेल, तर एकूण कार्यक्षमता सुमारे ५३ टक्के भरते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने (स्थापना २००२) पंपसंचांनाही कार्यक्षमतेनुसार तारे दिले. सुरुवातीच्या कोष्टकात मानकातली किमान कार्यक्षमता गाठणाऱ्या संचाला एक तारा होता, आणि तिच्या १.२ पट किंवा अधिक भरणाऱ्याला पाच.

हौदावरची स्थिती नदीकाठी टिकत नाही. उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र खाली जाते, हेड वाढते. पूर आला की मोटरी उचलून वर आणाव्या लागतात. ज्या हेडसाठी संच निवडला, त्यावर तो वर्षातले काहीच महिने चालतो. शिवाय चाचणी ४१५ व्होल्टच्या स्थिर दाबावर होते, तर डीपीपासून (रोहित्रापासून) लांबच्या शेवटच्या विहिरीवर दाब बराच उतरलेला असतो. मोटरने सहज सोसावा असा चढउतार आयईसी ६००३४-१ मध्ये ±५ टक्के धरला आहे. म्हणून शेतकरी दुकानात आधी विचारतो, ‘व्होल्टेज डाऊन असलं तरी उचलंल का?’ तारे तो नंतर मोजतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही.

तारे मागे पडण्यात बिलाचाही वाटा आहे. मीटर नसलेल्या कृषिपंपांना आकारणी एचपीवर होत आली, आणि एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीजबिल माफ आहे. वाचलेल्या युनिटचा फायदा अशा शेतकऱ्याच्या खिशात पडत नाही. एचपीवरच्या आकारणीने आणखी एक खोड लावली : पाटीवर पाच एचपी आणि ओढ त्याहून मोठ्या मोटरीची. अशी पाटी हौदावर लगेच उघडी पडते, शिवारात नाही.

मोटर जळली की ती वायंडिंगला जाते. जुनी वेटोळी काढताना स्टेटर फार तापवला, तर गाभ्याच्या पत्र्यांमधले रोधक आवरण बिघडून लोखंडातला व्यय वाढतो; तार बारीक घातली तर वेटोळ्यांतला. पाटीवरचा वर्ग मात्र तोच राहतो, कारण दुरुस्तीनंतरची मोटर चाचणीच्या हौदावर सहसा परत जात नाही.