पुन्हा तर नाही ना? एका भीतीची पार्श्वभूमी

नागपुरात मे महिन्यात डोकं दुखलं तर घरातलं कुणीही सांगतं, ऊन लागलं असेल, पन्हं घे, पडून राहा. ज्या घरात कुणी कॅन्सरमधून उठलेलं असतं, तिथे मात्र त्याच डोकेदुखीने सगळ्यांचे चेहरे बदलतात. माझ्या आईचे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून तीन वर्षं झाली होती. गच्चीवर कुरड्या घातल्या आणि दुसऱ्या सकाळी ती म्हणाली, "कंबर दुखून राहिली माझी." बाबांनी विषय बदलला. मी रात्रभर मोबाइलवर हाडांत पसरलेल्या कॅन्सरची लक्षणं वाचत बसले. आमचे चेहरे पाहून आईने कंबरेचं नाव काढणंच सोडलं. पुढचे बारा दिवस आम्ही तिघंही एकाच गोष्टीचा विचार करत होतो आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हतो.

कॅन्सर उलटून येईल या भीतीला वैद्यकशास्त्रात नाव आहे, ती मोजायच्या प्रश्नावल्या आहेत, तिच्यावर उपचारही आहेत. मला हे फार उशिरा कळलं. तोवर मी तो आईचा हळवेपणा आणि माझा भित्रेपणा समजत होते.

कर्करोग पुरातन आहे, पण तो उलटेल ही रोजची भीती तशी नवी आहे. ती वाटायला दोन गोष्टी लागतात: पेशंट उपचारानंतर बरीच वर्षं जगला पाहिजे, आणि आपल्याला काय झालं होतं हे त्याला माहीत पाहिजे. दुसरी गोष्ट अमेरिकेतसुद्धा फार जुनी नाही. १९६१ साली तिथल्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा सुमारे ९० टक्के म्हणाले की आम्ही पेशंटला कॅन्सरचं निदान शक्यतो सांगत नाही. १९७९ मध्ये तसाच प्रश्न पुन्हा विचारला, तर ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने निघाले. अठरा वर्षांत रिवाज उलटा झाला. आपल्याकडे हा बदल अजून पुरता झालेला नाही. "आईला सांगू नका, ती हाय खाईल" असं डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगणारे नातेवाईक मी स्वतः पाहिलेत. आईच्या वेळी आम्हीही पहिला आठवडा तेच केलं. पण ज्याला आजार सांगितलाच नाही, त्याने भीती तरी कुणाकडे बोलून दाखवायची?

सांगायला लागल्यावर पेशंटच्या मनाकडे लक्ष गेलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९७७ मध्ये कॅन्सर पेशंटांच्या मनासाठी स्वतंत्र विभाग उभा केला. १९८१ मध्ये लहानपणी कॅन्सर झालेल्या मुलांच्या पुढच्या आयुष्यावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात या अवस्थेला डॅमोक्लिसचं नाव दिलं गेलं. डॅमोक्लिस म्हणजे ग्रीक कथेतला तो दरबारी, ज्याच्या डोक्यावर घोड्याच्या एका केसाला तलवार टांगलेली होती. मराठीतली टांगती तलवार तीच.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो फिट्झह्यू मुलन. हा डॉक्टर स्वतः ऐन तिशीत कॅन्सरमधून गेला होता. १९८५ मध्ये त्याने एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की 'बरा झाला' किंवा 'नाही झाला' एवढे दोनच कप्पे पुरत नाहीत, त्यापुढे जगण्याचे तीन ऋतू असतात. पहिला उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा, आणि त्यावर रोग उलटण्याच्या भीतीचं राज्य असतं. तिसरा, हळूहळू स्थिरावण्याचा. दुसऱ्या ऋतूत पेशंट दवाखान्याबाहेर असतो, घरचे 'झालं गेलं विसर' म्हणत असतात, आणि अंगातली प्रत्येक कळ त्याला प्रश्न विचारते. आमच्या घरातली ती बारा दिवसांची शांतता याच ऋतूतली होती.

मग प्रत्येक कळीला स्कॅन का करत नाहीत? मीही डॉक्टरांशी यावरून वाद घातला होता. त्याचं उत्तर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन इटालियन अभ्यासांत आहे. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या अडीच हजारांहून अधिक स्त्रिया त्यांत होत्या. काहींचे ठरावीक काळाने छातीचे एक्स-रे आणि हाडांचे स्कॅन केले, बाकीच्यांची नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. पाच वर्षांनी दोन्ही गटांतल्या मृत्यूंमध्ये अर्थपूर्ण फरक नव्हता. म्हणून लक्षण नसताना सरसकट स्कॅन न करण्याचा प्रघात पडला. लक्षण असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेवढ्यासाठीच पेशंटने ते न लपवता सांगायला हवं.

नागपूरला या इतिहासात आपली एक जागा आहे. एके काळी विदर्भातल्या कॅन्सर पेशंटसाठी मुंबईची गाडी आणि टाटा हॉस्पिटल हाच रस्ता होता. आता शहरात तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. शहरातल्या कर्करोगांची नोंदणी १९८० पासून चालते. आणि इथे खर्रा आहे. तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेला तो खर्रा तोंडाच्या कॅन्सरला निमंत्रण देतो, हे आता कुणाला सांगावं लागू नये. तोंडाच्या पेशंटची भीती मला आईच्या भीतीहून वेगळी वाटते, कारण तिला शास्त्राचाही आधार आहे. १९५३ मध्येच स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की गाठ एका जागी असली तरी भोवतालचं अस्तरही बिघडलेलं असतं. त्याच तोंडात दुसरा, नवा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तिथे पांढरा-लाल चट्टा दिसला, किंवा फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर दाखवायलाच हवं. खर्रा सुटला नसेल तर आधी तो सोडायला हवा.

उलट, पुष्कळ कळा उपचारांनीच दिलेल्या असतात. स्तनाच्या कॅन्सरवरच्या लेट्रोझोल या हार्मोनच्या गोळीने सांधे आखडतात, पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात आणि कधी वर्षानुवर्षं राहतात. हे आधी सांगितलं तर किती रात्री वाचतील! आमच्या आधीच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, सांध्यांबद्दल एक शब्द सांगितला नाही.

२०१६ मध्ये तज्ज्ञांनी या भीतीची एक सर्वमान्य व्याख्या केली: कॅन्सर परत येईल किंवा वाढेल याबद्दलची भीती, काळजी किंवा चिंता. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात फिलिस बुटो यांच्या गटाने पाच बैठकांची एक पद्धत तपासली. 'कॅन्सर परत येणार नाही' असं पटवणं हा तिचा भाग नव्हता, तसं वचन कुणी देऊ शकत नाही. विचार येऊ द्यायचा, त्याच्यामागे धावायचं नाही, लक्ष दुसरीकडे वळवायचा सराव करायचा, कोणत्या लक्षणाला घाबरायचं ते नेमकं शिकायचं. नुसत्या शिथिलीकरणापेक्षा याने भीती जास्त कमी झाली. मनोविकारतज्ज्ञ म्हटलं की आपल्याकडे अजून लोक दचकतात. त्यांच्यासाठी निदान सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, २०२२ पासून, मराठीतूनही बोलता येतं.

तेराव्या दिवशी मी आईला घेऊन गेले. डॉक्टरांनी मणका दाबून पाहिला आणि विचारलं, "मावशी, रात्री झोपेतून उठवतं का दुखणं? पडून राहिल्यावर कमी होतं का?" आई म्हणाली, पडल्यावर बरं वाटतं, दोन दिवसांपासून कमीच आहे. मग त्यांनी मला बाजूला न घेता, आईलाच सांगितलं: दोन आठवडे बघू, वाढलं किंवा तसंच राहिलं तर एमआरआय करू. पायांतला जोर गेला, पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी यायचं, रात्र असली तरी. आईने ते सगळं दोनदा विचारून घेतलं.

घरी आल्यावर तिने कालनिर्णय उतरवून घेतलं. त्या महिन्याच्या पानावर दुधाच्या खाड्यांशेजारी तिने रोज एक आकडा लिहिला, कंबर किती दुखली याचा, दहापैकी. पहिल्या दिवशी पाच, आठवड्याने तीन, मग एक. जूनच्या पानावर फक्त दुधाचे खाडे आहेत.