आरतीवाचून ग्रामसभा बेकायदा ठरत नाही
‘सभेआधी आरती झाली नाही, म्हणजे ठराव बाद’ हा जळगाव-धुळ्याकडच्या चावड्यांवर ऐकू येणारा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात प्रार्थनेची अट नाही. सभा वैध ठरते ती रीतसर सूचना आणि गणपूर्ती यांवर, म्हणजे मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतील कमी असेल तेवढ्या उपस्थितीवर. आणि ती मोजली जाते हजेरीच्या वहीतील सह्या-अंगठ्यांवरून, तसबिरीला घातलेल्या हारावरून नव्हे. आरतीचे विरोधक हमखास पुढे करतात ते संविधानाचे धार्मिक शिक्षणाविषयीचे २८ वे कलमही येथे गैरलागू आहे, कारण ते शैक्षणिक संस्थांपुरते आहे. मात्र २५ व्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्वांना दिले असल्याने, आरतीला उभे न राहणाऱ्या मतदाराचा हात, मग तो एकटाच का असेना, मतमोजणीत धरावाच लागतो.